‘चौदा तास’ नेमके कुठून मोजायचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्यांचा हंगाम आला की जाहिरातींत आणि प्रवासाच्या पुरवण्यांत एक ओळ हमखास दिसते : ‘मुंबई–न्यूयॉर्क, अंतर साडेबारा हजार किमी, प्रवास चौदा तास.’ ती वाचून चोपडा, रावेर, साक्री, शहादा इथले आईवडील मुलाला फोनवर सांगून टाकतात, की रात्री बसलो म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या दारात. मग तिकीट हातात येते. त्यावर वेगळेच आकडे असतात, आणि तिकीट काढून देणाऱ्याला विचारणा सुरू होते, “भाऊ, अमेरिकाले जावाले नेमका कितला तास लागतस?” प्रश्न सरळ आहे. उत्तर एका भागाकारात बसत नाही, आणि छापलेला ‘चौदा’ हा निव्वळ भागाकार आहे : १२,५३० भागिले ताशी ९००. तो कुठे चुकतो ते आकड्यांनिशी मांडावे, म्हणून हे पत्र.

आधी अंतराचे पाहू, कारण तेवढे तरी बरोबर छापले जाते. मुंबईच्या विमानतळापासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंतचे सर्वांत जवळचे हवाई अंतर सुमारे १२,५३० किमी आहे. इंटरनेटवर तीन ठिकाणी पाहिले तर तीन आकडे मिळतात आणि लोक गोंधळतात. त्यात लबाडी काही नसते. कुणी शहराच्या मध्यापासून मोजतो, कुणी विमानतळापासून. कुणी न्यूयॉर्क म्हणून शेजारच्या न्यू जर्सीतले नेवार्क धरतो. शिवाय पृथ्वी अगदी गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवाकडे ६,३५७. सोपे गणित सरासरी ६,३७१ धरून केलेले असते, त्यामुळे अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. खरा घोटाळा ‘मैल’ शब्दाने होतो. साधा मैल १.६०९ किमीचा आणि वैमानिकांचा सागरी मैल १.८५२ किमीचा. तेच अंतर एका हिशेबाने ७,७८० मैलांच्या पुढे जाते आणि दुसऱ्याने ६,७७० च्या आत राहते. विमानात वेग ‘नॉट’मध्ये सांगितला तर तो सागरी मैलांचा समजावा.

आता हे ‘सर्वांत जवळचे’ अंतर जाते कुठून? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई ते न्यूयॉर्क रेघ ओढली, तर ती सौदी, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को ओलांडून अटलांटिकमध्ये शिरते. दिसायला सरळ आहे, पण त्या रेघेने गेले तर १४,२०० किमी पडतात. म्हणजे सोळाशेहून अधिक किलोमीटरचा फेरा. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना उत्तरेकडचा भाग ताणला जातो, हे त्याचे कारण. त्याच नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे.

शाळेतला पृथ्वीगोल काढा. तीस सेंटिमीटर व्यासाचा असेल तर त्याचा घेर ९४ सेंटिमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरला साधारण ४२५ किमी. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरे न्यूयॉर्कवर ठेवा आणि दोरा ताणत न्या. ढिला असेपर्यंत तो आफ्रिकेवर लोंबतो. ताण बसला की आपोआप वर सरकतो : अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, रशियातले सेंट पीटर्सबर्ग, स्वीडन, आइसलँडच्या रेक्याविकजवळून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशेजारून, कॅनडाच्या लॅब्रॅडॉरवरून खाली न्यूयॉर्क. सर्वांत वर तो ६५ अंश उत्तर अक्षांशाला टेकतो. दोरा मोजा, साडेएकोणतीस सेंटिमीटर भरेल. याच गोलावर जळगाव ते मुंबई हे अंतर आठ मिलिमीटर आहे. या आठ मिलिमीटरकडे नंतर यायचेच आहे.

सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्यांसाठी एक गंमत. अमेरिका आपल्या पश्चिमेला आहे, हे आपण धरूनच चालतो. दोरा मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला ताणला तर तो उत्तरेला निघून किंचित पूर्वेकडे झुकतो, सायबेरियावरून ७६ अंशांपलीकडे आर्क्टिकमध्ये जातो आणि पलीकडून उतरतो. १३,५१० किमी. पश्चिमेचा इथे संबंधच येत नाही.

पण दोऱ्याला परवानगी लागत नाही आणि विमानाला लागते, म्हणून दोऱ्याची वाट विमानाला पूर्ण कधीच मिळत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि मग ती मुदत महिन्या-महिन्याने वाढत गेली. २०१९ मध्येही फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत असेच झाले होते. रशियाचे आकाश २०२२ पासून युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद आहे; भारतीय कंपन्यांना ते मोकळे आहे. जून २०२५ मध्ये इराण-इराकवरचा रस्ता काही दिवस बंद होता. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच दोन शहरांमध्ये, दोन कंपन्यांची विमाने वेगवेगळ्या वाटांनी जातात. कोणत्या कंपनीचे तिकीट आहे यावर अंतर ठरते, हे ऐकायला विचित्र वाटते, पण तसेच आहे.

या वळणाची किंमत मोजता येते. मुंबईहून कैरोवरून वळसा घेतला, तर मुंबई–कैरो ४,३४० आणि कैरो–न्यूयॉर्क ९,०२० असे मिळून १३,३६० किमी होतात. थेट दोऱ्यापेक्षा ८३० किमी जास्त, म्हणजे उलट्या वाऱ्यात जवळपास तासाभराचा फरक. बोइंग ७७७ जातीचे मोठे विमान तासाला साधारण सात-आठ टन इंधन पिते. एका तासाचे जादा इंधन न्यायचे तर ते वाहून न्यायलाही इंधन लागते, आणि विमानाचे एकूण वजन ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ शकत नाही. मग माल कमी घ्या, काही खुर्च्या रिकाम्या ठेवा किंवा वाटेत उतरून इंधन भरा. २०२५ मध्ये अमेरिकेला जाणारी काही भारतीय विमाने व्हिएन्ना, कोपनहेगनला उतरत होती, ती याच हिशेबाने. दिल्लीला फटका जास्त बसला. एरवी न्यूयॉर्कला दिल्ली ११,७५० किमी, म्हणजे मुंबईपेक्षा पावणेआठशे किमी जवळ. पण पाकिस्तानवरून जाता येत नसेल तर दिल्लीच्या विमानाला आधी गुजरातच्या किनाऱ्याकडे उतरून समुद्रावर यावे लागते, आणि तो फायदा बराचसा त्यातच जातो. ‘दिल्लीहून लवकर पोचता’ हा सल्ला अजून ऐकू येतो. तो देण्याआधी आकाश उघडे आहे का, हे पाहावे.

दुसरी गोष्ट वारा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी २०० किमीच्या पुढे सहज जातो. तापीला पूर असताना नाव प्रवाहाबरोबर सोडली तर वल्हे न मारता पळते, तीच उलटी न्यायची तर घाम फुटतो. विमानाचे तसेच आहे. त्याचा हवेतला वेग ताशी ९०० किमीच्या आसपास ठरलेला. जमिनीच्या हिशेबात वारा त्यात मिळतो किंवा त्यातून वजा होतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यात एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचले. एरवी या मार्गाला सहा-सात तास लागतात. विमान तेच होते, त्याच्या मागून वारा ढकलत होता. म्हणूनच उत्तर अटलांटिकवरच्या वाटा कायमच्या आखलेल्या नसतात. कॅनडा आणि ब्रिटन-आयर्लंडकडची नियंत्रण केंद्रे वारा पाहून त्या रोज नव्याने जाहीर करतात, जाणाऱ्यांच्या वेगळ्या, येणाऱ्यांच्या वेगळ्या.

खुर्चीसमोरच्या पडद्यावर हे दिसते. नकाशाच्या पानावर ‘ग्राउंड स्पीड’ पाहा. जाताना ग्रीनलंडच्या अलीकडे तो ७८०–८२० वर रेंगाळतो, येताना हजाराच्या वर गेलेला दिसतो. पोचण्याची वेळ पडद्यावर मागेपुढे सरकते तीही यामुळेच. उड्डाणानंतर पहिल्या तासात दाखवलेल्या वेळेवर मुलाला विमानतळावर बोलावू नये; शेवटच्या तीन तासांतली वेळ विश्वासाची.

आता खरा हिशेब. जाताना १२,५३० मध्ये वळणांचे पाच टक्के मिळवले की १३,१५० किमी. उलट्या वाऱ्याचे सरासरी ताशी ६० किमी वजा केले की वेग ८४०. भागाकार १५ तास ४० मिनिटे. त्यात जागेवरून हलून धावपट्टीपर्यंत रांगेत जाणे, चढताना-उतरताना कमी असलेला वेग आणि उतरल्यावर दारापर्यंत येणे, यांची पस्तीस-चाळीस मिनिटे. एकूण सव्वासोळा तास. येताना वारा पाठीशी, वेग ९५० धरा : १३,१०० भागिले ९५० म्हणजे १३ तास ४७ मिनिटे, वरचीच पस्तीस मिनिटे घालून सुमारे १४ तास २० मिनिटे. चौदाचा आकडा कुणी अनुभवावरून सांगत असेल, तर तो परतीचा असतो. कंपनीच्या वेळापत्रकातला आकडा चाकामागचा ठोकळा काढल्यापासून पुन्हा ठोकळा लावेपर्यंतचा असतो आणि त्यात उशिरासाठी थोडी जागा मुद्दाम ठेवलेली असते. विमान वीस मिनिटे आधी पोचले म्हणून वैमानिकाने पळवले, असे समजू नये.

तिकिटावरच्या वेळांचा घोळ याहून मोठा. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची असते. ‘मुंबई ०२:००, न्यूयॉर्क ०८:४५, तीच तारीख’ हे वाचून पावणेसात तास म्हणणारे पदवीधरही भेटतात. रीत एकच : दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणा, मग वजाबाकी करा. अमेरिकेच्या उन्हाळी वेळेत न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते. तिथले सकाळचे ८:४५ म्हणजे आपले संध्याकाळचे ६:१५. रात्री दोनपासून सव्वासोळा तास. परतीला न्यूयॉर्कहून सकाळी ११:३० ला निघालात तर इथे रात्रीचे ९ वाजलेले असतात. त्यात १४ तास २० मिनिटे मिळवा, दुसऱ्या दिवशी सकाळी ११:२०. घड्याळ दहा मिनिटे मागे आणि तारीख एक पुढे. तिकिटावर वेळेच्या शेजारी बारीक ‘+१’ छापलेले असते ते याचसाठी. ते न पाहिल्याने मुंबईत घ्यायला येणारी गाडी एक दिवस आधीच येऊन उभी राहते.

हा साडेनऊ तासांचा फरक वर्षभर टिकत नाही. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणते. हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा होतो. सॅन फ्रान्सिस्कोचा साडेबाराचा साडेतेरा. युरोप हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी करतो. त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला एक आठवडा लंडन–न्यूयॉर्क फरक पाचऐवजी चार तासांचा राहतो. दुबई, अबुधाबीत घड्याळ हलत नाही, ती बाराही महिने आपल्या दीड तास मागे. तिकीट सहा महिने आधी काढले असेल तर या रविवारांनंतर वेळापत्रक पुन्हा उघडून पाहावे. कंपनीने वेळ बदलल्याचा ई-मेल आलेला असतो, आणि तो बहुधा तिकीट काढणाऱ्याच्या पत्त्यावर पडून असतो.

ज्यांना रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी एक घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवावे. ‘रात्रीची गोळी’ नेमकी कोणत्या रात्रीची, हा प्रश्न आकाशात सुटत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वेळा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्याव्यात. औषधे चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत, बॅगेत टाकून देऊ नयेत.

आता ते आठ मिलिमीटर. जळगाव ते मुंबई हवेतून सुमारे ३५५ किमी, रेल्वेने ४२०. खान्देशातल्या माणसाचा प्रवास विमानतळावर सुरू होत नाही, अंगणात सुरू होतो. तरीही कोणत्याच जाहिरातीत हे तास मोजलेले नसतात.

समजा विमान १५ तारखेला रात्री ०२:०० चे आहे. सर्वांत जास्त चूक इथेच होते : हे १४ तारखेच्या रात्रीचे विमान आहे. १५ तारखेच्या सकाळच्या गाडीचे आरक्षण करून बसलेले लोक दरवर्षी सापडतात, आणि तेव्हा विमान युरोपवर पोचलेले असते. आता उलटे मोजत या. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला तीन तास आधी पोचायचे, म्हणजे रात्री ११. बहुतेक कंपन्यांची बॅगा घेण्याची खिडकी उड्डाणाआधी ६० मिनिटे बंद होते, ती पुन्हा उघडत नाही. ठाण्याला किंवा कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरून विमानतळ गाठायला सामानासकट तास-दीड तास धरा. कल्याणला उतरायचा मोह टाळावा; तिथून रस्ता बेभरवशाचा. गाडीच्या उशिराला दोन तास राखून ठेवले तर वेळापत्रकाप्रमाणे ती संध्याकाळी साडेसात-आठपर्यंत मुंबईत यायला हवी. सात-साडेसात तासांची धाव म्हणजे जळगावहून दुपारी बारा-साडेबाराची गाडी, आणि चोपडा-रावेरकडून स्टेशनला येणाऱ्याने घरून सकाळी नऊ-साडेनऊला निघणे. तिथून रात्री दोनपर्यंत सतरा तास. नंतर विमानात सव्वासोळा. उतरल्यावर पासपोर्टची रांग, बॅगा आणि न्यू जर्सीकडचा रस्ता मिळून तीन. छत्तीस तास झाले. त्यात ४२० किलोमीटरला सतरा तास आणि साडेबारा हजारांना सोळा.

जून ते सप्टेंबर आणखी एक दिवस हातचा ठेवावा. कसारा घाटात दरड आली किंवा कुर्ला-शीव पट्ट्यात रुळांवर पाणी चढले, की आपल्याकडून गेलेल्या गाड्या इगतपुरी-नाशिकलाच थांबतात. मुंबईत नातेवाइकाकडे एक रात्र काढणे कमीपणाचे नाही.

धुळेकरांना रस्ता सोयीचा. मुंबई-आग्रा रस्त्याने मालेगाव, चांदवडचा राहूड घाट, नाशिक असे सव्वातीनशे किमी. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट बोगद्यातून टाळता येतो. पण वाचलेला वेळ भिवंडी-ठाण्याच्या कोंडीत परत द्यावा लागतो, म्हणून संध्याकाळी सहा ते नऊ तिथे सापडणार नाही अशा बेताने निघावे. नंदुरबार, नवापूर, शहादा भागातल्यांनी ताप्ती लाइनने सुरतमार्गे जावे. ती गाडी पश्चिम रेल्वेवर येते, बोरिवलीला उतरून अंधेरी जवळ पडते. मध्य रेल्वेने येणाऱ्यांसारखे शहर आडवे कापावे लागत नाही.

जळगावचे विमान? त्याचे हिशेब वेगळे. इथली धावपट्टी साधारण १,७०० मीटरची. इंधनाने भरलेल्या मोठ्या विमानाला तीन किलोमीटरच्या आसपास लागते. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटरची आहे. त्यात आपला मे महिना. पारा ४५ ला टेकला की हवा विरळ होते, पंख्यांना आणि पंखांना धरायला हवाच कमी मिळते, तेच वजन उचलायला जास्त धाव लागते. त्यामुळे ‘जळगावहून थेट परदेश’ ही घोषणा या धावपट्टीवर तरी गणितात बसत नाही. इथे एटीआर ७२ सारखे सत्तरेक आसनांचे, पंखा फिरवणारे विमान योग्य. ते ताशी ५०० किमीने मुंबई पाऊण तासात गाठते, वेळापत्रकात तास-सव्वा तास धरतात. रोज आहे का, ते मात्र आधी पाहावे. रात्रीच्या परदेशी उड्डाणाला दुपारचे हे विमान जोडायचे तर किमान सहा तासांचे अंतर असू द्यावे. ते रद्द झाले तर पुढचा पर्याय तीच ४२० किलोमीटरची रेल्वे. शिवाय मुंबई विभागात आता दोन विमानतळ आहेत. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. तिकिटावर ‘बीओएम’ (मुंबईचा जुना विमानतळ) लिहिले आहे की ‘एनएमआय’ (नवी मुंबई), हे तीन अक्षरांत पाहून घ्यावे.

वाटेत विमान बदलण्याविषयीही गैरसमज आहे. लोक समजतात, दुबईमार्गे म्हणजे फार लांबचा फेरा. मुंबई–दुबई १,९२५ आणि दुबई–न्यूयॉर्क ११,००० मिळून १२,९२५ किमी. थेट दोऱ्यापेक्षा फक्त तीन टक्के जास्त. फ्रँकफुर्टमार्गे १२,७६०, दोन टक्केसुद्धा नाही. जादा वेळ जातो तो थांबण्यात. दीड तासाचा बदल कागदावर झकास दिसतो, पण पहिले विमान चाळीस मिनिटे उशिरा आले की म्हाताऱ्या माणसांना टर्मिनल पळत पार करावे लागते. अडीच ते चार तास बरे. अबुधाबीत अमेरिकेची पासपोर्ट तपासणी विमानात बसण्याआधीच होते, म्हणून तिथे किमान तीन तास ठेवावेत. त्या बदल्यात न्यूयॉर्कला उतरून सरळ बॅगा घेऊन बाहेर. आणि दोन्ही विमाने एकाच आरक्षण क्रमांकावर असावीत. स्वस्त पडते म्हणून दोन वेगळी तिकिटे काढली, तर पहिल्याच्या उशिराने दुसरे चुकल्यावर दुसरी कंपनी हात वर करते. बॅगाही मधेच काढून पुन्हा द्याव्या लागतात आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो.

बॅगेचा विषय निघालाच आहे तर : विमानाच्या आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगराएवढा ठेवतात. कुरडया आणि बिबड्यांची हवाबंद पाकिटे त्या दाबाला फुगतात, आणि लोणच्याची बरणी काठोकाठ भरली असेल तर तेल झाकणातून वाट काढते. बोटभर जागा रिकामी ठेवून झाकणाखाली प्लास्टिक लावावे.

आपल्या पुरवणीत यापुढे अशा अंतर-वेळेच्या चौकटी छापताना तीन आकडे वेगळे द्यावेत, एवढी विनंती. जातानाचे तास आणि येतानाचे तास वेगळे. थेट की थांबा घेऊन. आणि पोचण्याची वेळ तिथली, कंसात भारतीय. खान्देश आवृत्तीत चौथा द्यायला जागा असेल, तर जळगाव, धुळे, नंदुरबारहून घराबाहेर कधी पडायचे तोही द्यावा.

आपले,
तिकीट आरक्षणाच्या कामातले काही वाचक,
जळगाव–भुसावळ